उंटाच्या मावशीचा मुलगा

सलाम करायच्या आधी चाचा छत्री उघडायचे. सौदीतल्या हुफूफच्या बाहेर, जिथे पाऊस पडला तर लोक त्याचे फोटो काढतात, तिथे लांब दांड्याची, कोकणातल्या आषाढाला पुरून उरलेली काळी छत्री. कारण एकच. ग्वानाको थुंकतात.

ग्वानाको म्हणजे उंटाच्या कुळातला, पण कुबड नसलेला, दक्षिण अमेरिकेतला रानटी प्राणी. आमच्या मालकांना खजुराच्या बागेमागे असे अकरा प्राणी बाळगायची हौस होती. मी तिथली जनावरांची डॉक्टर, आठवड्यातून तीन दिवस अल-खोबरहून जाणारी. राखणीला होते ते रायगडच्या किनाऱ्यावरचे एक गृहस्थ. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

जगातल्या सगळ्या दुखण्यांचं एकच कारण सापडलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. चाचांचं कारण होतं चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध. कुणी शिंकलं की ते विचारायचे, “लहानपणी पोटात पडला नाय काय?” मॅनेजरची पाठ धरली, चीक मिळाला नसणार. एकदा मालकांची कोरी गाडी गेटातच बंद पडली, तेव्हाही ते बॉनेटकडे बघून हळहळले, “पयल्या दिवशी काय भेटला नसंल बिचारीला.”

हसा, पण शास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. ग्वानाकोचं पिल्लू जन्मतं तेव्हा विषाणूंशी लढायला त्याच्या रक्तात जवळजवळ काहीच नसतं. ती शिबंदी आईच्या चिकातून येते, आणि तीही पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात शिरू शकते. मी हे आकृती काढून समजावलं. चाचा म्हणाले, “म्हंजे दार. सकाळी जन्मला तर सांजच्या मगरिबच्या अजानपर्यंत उघडा. मंग बंद.” माझी आकृती मी पुन्हा कुणाला दाखवली नाही.

आदल्या वर्षी दोन पिल्लं गेली होती. आयांनी पाजलं नाही, विषाणूची हगवण लागली आणि पंधरा दिवसांत खेळ आटोपला. चाचांनी त्यांना स्वतःच्या हाताने खजुराखाली पुरलं. गावाहून मुलगा सारखा फोन करायचा, “अब्बा, आता पुरे, या घरी.” चाचा इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, वाढवून घ्यायचे आणि म्हणायचे, “दोन पोरं मातीत घालून कसा येऊ? एक तरी उभा करतो, मंग येतो.”

उंटिणीचा चीक साठवायची कल्पना त्यांचीच. “ह्यांच्या आया नव्या व्हिसावरच्या,” ते म्हणाले. “त्यांना हिथला रोग ठावूक नाय. हिथल्या उंटिणीला सगळा ठावूक.” हेच मी पुस्तकात चार पानं भरून वाचलं होतं. शेजारच्या सुदानी उंटवाल्याकडून आम्ही सहा बाटल्या चीक मिळवला. नेमका तेव्हाच फार्मवरचा फ्रीझर बिघडला, म्हणून बाटल्या मी घरी नेल्या. कुणी चुकून फेकून देऊ नये म्हणून प्रत्येकीवर मराठीत ठळक अक्षरांत लिहिलं, ‘चीक’.

माझ्या सासूबाई तेव्हा नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. त्यांना मराठी उत्तम वाचता येतं.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला पिल्लू झालं. पहिलटकरीण आईने त्याला हुंगलं आणि सरळ लाथ मारली. मी घरी फोन लावला. “आई, फ्रीझरमधल्या त्या पिवळ्या बाटल्या ड्रायव्हरकडे द्या.”

“अगं, त्या कुठल्या आता? कालच खरवस केला. चीक फार घट्ट होता, म्हणून जरा दूध घातलं. आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी घरांत वाटला. तूही खाल्लास की रात्री, दोनदा मागून घेतलास!”

खरंच खाल्ला होता. मला वाटलं होतं, डेअरीच्या दुधात चायना ग्रास घालून केला असेल. पिल्लाचं सगळं प्रतिकारबळ अल-खोबरच्या आठ इंजिनियर कुटुंबांच्या पोटात सुखरूप पोचलं होतं.

मी चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी एकदा पिल्लाकडे पाहिलं. मग विचारलं, “वेलची घातलेली काय?” मी मानेनेच हो म्हटलं. “मंग ठीक,” म्हणाले, आणि छत्री घेऊन चालू लागले. मी गाडी काढून त्यांच्या मागे.

उंटवाल्याची एक उंटीण आदल्याच दिवशी व्यायली होती, पण तो आता देईना. बाटल्या दिल्या तेव्हा त्याला वाटलं होतं, उंटाच्याच पिल्लासाठी आहेत. त्या थुंकणाऱ्या मेंढ्यांना? खलास, नाव नको. चाचा भांडले नाहीत. त्याला गाडीत घालून पिल्लासमोर आणून उभं केलं. ओलं, लांब मानेचं, लांब पापण्यांचं पोर, उभं राहायला बघत होतं आणि पडत होतं.

“नीट बघ,” चाचा मोडक्या अरबीत म्हणाले. “मेंढी दिसते तुला? हा तुझ्या उंटाचा इब्न खाला. मावशीचा पोरगा. मावशी गेली परदेशात, तिथं तिचं कुबड झिजलं. पोरगा परत आलाय, उपाशी. हाकलणार?”

उंटवाल्याने पिल्लाच्या ओठात बोट घातलं. फाटलेला वरचा ओठ, थेट उंटाचा. तो माझ्याकडे वळला. “डॉक्टर, खरं?”

“कूळ एकच आहे,” मी म्हणाले. आयुष्यात इतकं अवघड वैद्यकीय प्रमाणपत्र मी दिलेलं नाही.

“यल्ला,” तो म्हणाला. “भांडं आणा.”

चाचांनी छत्री जमिनीवर टेकवून सावली केली, तिच्याखाली मांडीवर पिल्लू घेतलं आणि थोडं थोडं करत बाटली पाजली. दर दोन तासांनी तेच. मगरिबची अजान झाली तेव्हा त्यांनी बाटली खाली ठेवली आणि पिल्लाच्या पोटावर नुसता हात ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी मी रक्त तपासलं. काठावर पास.

तिसऱ्या आठवड्यात आदल्या वर्षीची ती हगवण परत आली. दोन दिवस पिल्लू मान टाकून होतं. त्या दोन दिवसांत कुणी शिंकलं तरी चाचांनी चिकाचं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ते उठलं, छत्रीखाली आलं आणि त्यांच्या खिशात तोंड घालून इकामा चघळू लागलं. चाचा रडले. मीही रडले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सासूबाईंनी अपराधी मनाने खरवसाचा शेवटचा डबा त्यांच्यासाठी फ्रीझरमध्ये राखून ठेवला होता. अकरा वर्षांनी ते खरवस खात होते. “आता मना पण हिथला रोग लागायचा नाय,” म्हणाले. “पण उपेग काय? आता जायाचा हाय.”

शब्द दिला होता, पाळला. पिल्लू तीन महिन्यांचं झालं आणि चाचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परतायचा व्हिसा, घेऊन गावी गेले. छत्री कुंपणाला टांगून ठेवली. म्हणाले, “कोकणात भेटंल दुसरी.”

पिल्लू जगलं म्हणून चाचा गेले, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

आता तो ग्वानाको पुरता वाढलाय, माझ्या खांद्याच्याही वर डोकं जातं. नवा राखणदार छत्री वापरत नाही, रोज कपडे बदलतो. मी मात्र आत जाताना ती उघडते. आवाज ऐकताच तो कुठूनही धावत येतो, मान वाकवून छत्रीखाली डोकावतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. मग माझ्याकडे नीट निरखून बघतो, आणि तोंडावर थुंकतो.

मी चष्मा पुसते. रागवत नाही. छत्री उघडताना क्षणभर मीही त्यांनाच शोधत असते.