बेनेडिक्टची लितानी

आखातात, अल मुंतझातल्या बेनेडिक्टच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी वसईकर ख्रिस्ती मंडळींची रोझरीची प्रार्थना व्हायची आणि शेवटची लितानी तोच म्हणायचा. त्याने एकेका संताचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणायचं. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये दिवसभर हळूहळू चालणारा हा गृहस्थ लितानीला मात्र असा सुसाट सुटायचा, की लोकांना धाप लागायची.

त्याची लेक ॲलिसन रोझरीला येईनाशी झाली, तेव्हा त्याचा जीव कासावीस झाला. परमुलखात एवढं एकच त्याने जपलं होतं, तेही हातचं निसटत होतं.

कारणही त्याला ठाऊक होतं. ॲलिसन आपल्या वर्गातल्या केनियाच्या वांजिरूबरोबर येशूची रॅप गाणी करायची. वांजिरू पहिल्यांदा रोझरीला घरी आली, तेव्हा दार उघडून यानेच विचारलं होतं, “क्लीनिंगसाठी आलीस का?” पोरगी कसनुशी हसली. ॲलिसन हसली नाही.

“ते रॅप आफ्रिकन लोकांचं. देवापुढे आपलं असावं ते गावं,” तो म्हणाला.

“डॅडी, तुम्ही रोझरीला वाजवता ते व्हायोलिन काय वसईच्या वाडीत उगवलं? शी प्रेज टू द सेम जीझस. ती नाही, तर मीही नाही.”

बायकोने, मर्सीने, तिढा सोडवला. “एक शुक्रवार दोघींना गाऊ दे. आवडलं नाही तर खलास.”

त्या शुक्रवारी रोझरी संपली. वांजिरूने तोंडानेच ताल धरला आणि ॲलिसन मराठीत सुरू झाली, अगदी बापाच्या वेगाने. “ड्यूटीवरून येऊन आधी आमची भाजी टाकणारी मर्सी...” ती थांबली. त्या थांबण्यात बेनेडिक्टच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “आम्हांसाठी विनंती कर.”

खोलीत हशा पिकला. बेनेडिक्ट कानापर्यंत लाल झाला. पण चूक गोड होती, पुढच्या ओळीला सगळेच म्हणाले. “अल खोरच्या बसमध्ये उभ्यानेच डुलकी काढणारा मॅल्कम...” कोपऱ्यात बसलेला मॅल्कम स्वतःच सगळ्यांत मोठ्याने ते म्हणाला. बेनेडिक्टचा पाय ताल धरू लागला होता, आणि त्याला मनापासून आनंद होत होता.

“प्रार्थनेला आली, तर जिला झाडूचं विचारलं, ती वांजिरू...”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाकीच्यांना अर्थ लागला नव्हता, त्याला लागला. वांजिरूला मराठी येत नव्हती. ती ताल धरून त्याच्याकडेच बघत होती, आपलं नाव आलं म्हणून खुशीत. बेनेडिक्टला फार लाज वाटली. त्याने हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा लितानीचे शब्द सावकाश उच्चारले.

“आम्हांसाठी विनंती कर.”

त्याच्यामागून सगळ्यांनी म्हटलं. ॲलिसनने बापाकडे पाहिलं आणि पुढची ओळ घेतली.