डाव्या हाताची वेटोळी

माझा सोबती प्रत्येक जंक्शन बॉक्सखाली तारेचं एक वेटोळं राखून ठेवायचा. तो डावखुरा होता, त्यामुळे ती वेटोळी उलट्या बाजूनं वळलेली असत. आमच्या सिमेंट कारखान्यात क्रशरपासून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलेली लांब केबल आम्ही दोघांनीच टाकली. नियमांचं पुस्तक माझ्या हातात असे, तार त्याच्या खांद्यावर.

"एवढी कशाला सोडतोस? हीसुद्धा लांबीत धरतात," मी म्हणायचो.

"मास्तर, पुस्तकातलं मशीन जागेवर राह्यते. इथलं सरकते. मंग तार पुरली नाई तं काय पुस्तकाचं पान जोडान?"

माझे वडील शाळेत शिकवायचे, म्हणून मी मास्तर. त्याचं घर भीमपूरकडचं, कापूस पिकवणारं. पोळ्याच्या आधी तो तापानं गेला.

दिवाळीनंतर त्याच केबलवर मोजमापाची दोन नवी यंत्रं बसवायची ठरली. ह्या केबलमधून यंत्रांचे निरोप येतात आणि त्यांना लागणारा करंटही तिच्यातूनच जातो. यंत्रं वाढली की करंट वाढतो. तार जितकी लांब, तितकं व्होल्टेज वाटेतच खर्च होतं. मी गणित मांडलं. टोकाचं यंत्र बंद पडणार होतं, म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते आम्हाला कळलं नसतं. दुसऱ्या केबलला ह्या वर्षी मंजुरी नव्हती.

साहेब हैदराबादचे. लाइनवर एक फेरी मारून म्हणाले, "ये लूप किसने छोड़े? काट दो, काम हो जाएगा."

वेटोळी वजा करून पाहिली. काम होत होतं, पण अगदी काठावर. कुठे चूक निघते का म्हणून मी ते आकडे पुन्हा पुन्हा तपासले. चूक निघाली नाही.

लाइन बंद करून क्रशरकडून सुरुवात केली. वेटोळ्यांवर सिमेंटची भुकटी बसून घट्ट झाली होती. आतले फेरे मात्र अजून निळेशार, नव्यासारखे. उजव्या हातानं सोडवायला गेलो की तार पीळ घ्यायची. तिसऱ्या बॉक्सपासून मी डाव्या हातानं सोडवू लागलो, तेव्हा ती मुकाट्यानं सुटत गेली.

बाकीची कापली, टाकीखालचं शेवटचं वेटोळं तेवढं ठेवलं. वाटलं, हे एक न कापता भागेल.

पूर्वी मोजणी दोघांची असे. तो टाकीवर मीटर धरून आकडा ओरडायचा, मी लाइनच्या दुसऱ्या टोकाला पॅनेलजवळ तो परत म्हणायचो. आता मीटर टाकीपाशी चिमट्यांनी अडकवून मी पॅनेलपर्यंत चालत गेलो, लाइन चालू केली आणि मीटर बघायला परत आलो. नवी दोन्ही यंत्रं चालू होती. आकडा थोडासाच कमी पडत होता.

पुन्हा पॅनेलला गेलो, लाइन बंद केली. परत येऊन वेटोळ्यापुढे बसलो. मग कापलं, टोकं सोलून स्क्रूखाली आवळली आणि पुन्हा तेवढंच चाललो.

ह्या वेळी व्होल्टेज पुरेसं होतं. आकडा मी मोठ्यानं वाचला, पॅनेलपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. थोडा थांबलो. मग बॉक्सचं झाकण लावलं.