रविकांतची भीती

सगळ्यात भयानक पिक्चर कुठला, असं कोणी विचारलं की माझी कळी खुलते. सर्जेकोटच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि धंद्याइतकाच वेळ मी भुताखेतांच्या पिक्चरांना दिलेला आहे. कोरियातले, स्पेनमधले, इंडोनेशियातले, काही म्हणून सोडलेलं नाही. गावात मला देवेश कोणी म्हणत नाही, 'भुताटकी' म्हणतात. म्हणोत बापडे. माणूस बघून त्याला पिक्चर सुचवणं ही कला आहे आणि ती आपल्याला साधली आहे, असा माझा समज होता. तो रविकांतने मोडीत काढला.

रविकांत म्हणजे आमचा रवीभाऊ, दाजी तांडेलाच्या बोटीवरचा जुना खलाशी. सडपातळ, कमी बोलणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बोटीवर त्याची एकच चेष्टा चालायची. हा भलत्या वेळी भाकरी मागतो. जाळं अर्धं पाण्यात, सगळ्यांचे हात गुंतलेले, आणि हा विचारणार, "खावक काय आसा?" खादाड म्हणून पोरांनी त्याला पार बदनाम करून टाकला होता आणि तोही ते हसून घ्यायचा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वारं उठलं आणि दाजीच्या बोटीचं जाळं तिच्याच तळाच्या पंख्यात अडकलं. ते सोडवायला रवीभाऊ कमरेला दोरी बांधून पाण्यात उतरला. दोरी तुटली. लाटांनी त्याला बघता बघता लांब नेला आणि एका रिकाम्या कॅनला मिठी मारून तो दुसऱ्या दिवशी देवगडच्या बोटीला सापडेपर्यंत तरंगत राहिला. घरी आणला तेव्हा अख्खी वाडी रडली, त्याची बायको योगिनीवहिनी तर जमिनीवर बसली ती उठेना. तो मात्र रडला नाही. चहा मागितला, प्याला आणि झोपला. काय छातीचा माणूस, असं आम्ही एकमेकांना सांगत सुटलो.

ती छाती नव्हती. त्या पाण्यात त्याचं घाबरणंच कुठेतरी सुटून गेलं होतं. पुढे मार्चमध्ये पुन्हा पंख्यात दोर गेला तेव्हा इंजिन बंद व्हायच्या आधी, कमरेला काही न बांधता, त्याने पाण्यात उडी टाकली. पंखा अजून फिरत होता. दाजीने इंजिनावरच्या पोराला हाणून ते बंद करवलं म्हणून रवीभाऊ सगळ्या बोटांनिशी वर आला, आणि वर येऊन ह्यांना एवढं काय झालं अशा नजरेने बघत राहिला. मेअखेर मासेमारीबंदी लागली, बोटी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या तेव्हा दाजीने त्याला बाजूला घेतलं.

"रवी, तुका भिती नाय ऱ्हवली. भिती नाय त्या माणसाक मी बोटीर घेणंय नाय," दाजी म्हणाला. "भिती परत इली की ये. तुजी जागा खंय जाणा नाय."

आमच्याकडे दाजीने उतरवलेल्या माणसाला दुसरा तांडेल घेत नाही. समुद्र सोडून रवीभाऊला काही येत नव्हतं आणि हाताशी होती ती फक्त बंदीची पावसाळी सुट्टी. नारळी पौर्णिमेनंतर बोट निघेल तेव्हा आपण तिच्यावर असायचं, एवढाच त्याला ध्यास लागला. असाच एकदा तो चार्जर घ्यायला आला आणि मी सवयीप्रमाणे फुशारकी मारली की भीती हवी तर माझ्याकडे ये, दुकानात हवी तेवढी आहे. मी थट्टा केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी हा माणूस केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून दारात हजर.

मग रोज दुपारी शटर अर्धं खाली ओढायचं, बाहेर पाऊस कोसळतोय, शेजारच्या सुक्या माशांचा वास आत भरलाय आणि आम्ही दोघं पडद्यासमोर. सुरुवातीला मी बेताबेताने घेतलं. एक ओसाड हॉस्पिटलचा लावला. माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो त्या जागेला रवीभाऊने विचारलं, "ह्या बायेन लाइट कित्या नाय लावल्यान?" जंगलातल्या घराचा लावला तर घराचे वासे चांगल्या लाकडाचे आहेत म्हणाला. मग माझं डोकं फिरलं. जो पिक्चर मी स्वतः दोनदा अर्धवट सोडला आहे तो काढला. बुडालेली माणसं समुद्रातून चालत वर येतात त्यात. लावू की नको असं मला झालं होतं, पण त्याने शांतपणे सगळा बघितला आणि हे पाणी टाकीतलं आहे, असं सांगून चहाला गेला.

शांतपणे म्हटलं, पण तेही खरं नाही. तो घाबरत नव्हता, पण त्याला चैनही पडत नव्हती. पाय सारखा हलत असायचा. काउंटरवरचे स्क्रू उचलून इकडचे तिकडे करायचा, मध्येच उठून शटरखालून वाकून समुद्राकडे बघायचा, परत येऊन बसायचा. त्या हलणाऱ्या पायाने माझं स्टूल हलायचं आणि मी वैतागायचो. फुकट बघतोस तर नीट बघ तरी, असं मी एकदा बोललोही. तो ओशाळून हसला आणि पाय हाताने धरून ठेवला.

एकदा योगिनीवहिनी दुकानात आली. मला वाटलं, नवऱ्याला नादी लावलं म्हणून आता माझी खरडपट्टी निघणार. तिने सुक्या बांगड्याची पिशवी काउंटरवर ठेवली आणि आणखी भयानक काही आहे का, असं विचारलं. त्यांची मुलगी सलोनी कुडाळहून येताना स्कूटरवरून पडली होती, कपाळ फुटलं होतं. पोर रक्ताने माखून दारात उभी आणि बाप म्हणाला, टाका घालून घे. एवढंच बोलून तो जाळं विणायला बसला. "माणूस परत इलो, देवेश," वहिनी म्हणाली, "पण तो इलो काय माका अजून कळाक नाय." मी तिला पाणी दिलं. माझी ती सगळी यादी मला त्या क्षणी पोरखेळ वाटली.

जुलैत मला वाटू लागलं की औषध लागू पडतंय. रवीभाऊ आता पडद्याच्या जवळ सरकून बसू लागला. हीच जागा परत लाव म्हणायचा, इथे थांबव म्हणायचा. मी खूश. पण तो थांबवायचा ती जागा भुताची नसायची. किंचाळणाऱ्या बाईचा चेहरा असायचा, नाहीतर पळून पळून थकलेल्या माणसाचे हात. माझी ट्यूब पेटली ती फोन भरला म्हणून त्याने तो साफ करायला दिला तेव्हा. आत त्याचेच व्हिडिओ. डोळे विस्फारलेला रवीभाऊ, तोंडावर हात धरलेला रवीभाऊ, थरथर कापणारा रवीभाऊ, आणि मागे भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. पहिल्यांदा मला खदखदून हसू आलं. मग ते परत पहिल्यापासून बघितले. भीती मिळत नाही म्हटल्यावर हा माणूस भीतीचं सोंग शिकत होता. दाजीला सांगावं तर त्याची जागा जाणार आणि न सांगावं तर एखाद्या दिवशी पंख्यात जाणार. मी फोन साफ करून परत दिला आणि गप्प बसलो. त्यानंतर मला धड जेवण गेलं नाही.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी दाजीने इंजिन बघायला बोट बंदराच्या तोंडापर्यंत नेली. रवीभाऊला सोबत घेतलं. तिथे लाटा उभ्या राहतातच. एका मोठ्या लाटेवर बोट चढली आणि रवीभाऊने डोळे विस्फारले, तोंडावर हात नेला आणि असा किंचाळला की दोघं खलाशी त्यालाच धरायला धावले. दाजीने बोट फिरवली. जेटीला लागल्यावर म्हणाला, "ही तुजी भिती नाय. खंय शिकलंस ही?"

संध्याकाळी दाजी माझ्या दुकानात आला. शिव्या घालेल म्हणून मी आधीच उभा राहिलो होतो, पण तो स्टुलावर बसला. मग त्याने सांगितलं की प्रत्येक खलाशाची भीती वेगळी असते. एक जण मुका होतो, एक जण बायकोच्या माहेरच्यांना शिव्या घालतो. तांडेलाला ते सगळं माहीत असावं लागतं. आणि रवीला भीती वाटली की त्याला भूक लागते, आणि ती भूक म्हणजे भीती हे त्याचं त्यालाही कळत नाही. सगळ्यांच्या आधी त्याला लागायची. त्याने भाकरी मागितली की दाजी आकाशाकडे न बघता जाळं ओढायला सांगून बोट बंदराकडे वळवायचा. बाकीचे ह्याला खादाड म्हणून हसत राहिले आणि हसत हसत घरी पोचत राहिले. दाजी उठताना म्हणाला की बोट आता आंधळी झाली आहे, पण बंदरात ठेवून भागणार नाही.

बोट निघाली त्या सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. समुद्र निवांत. रवीभाऊ जेटीवर उभा होता आणि त्याला एकटं सोडवेना म्हणून मीही दुकान बंद ठेवून गेलो. दाजीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि इंजिन चालू केलं. बोटीवरची पोरं नेहमीसारखी ओरडत, एकमेकांना ढकलत होती. बंदराचं तोंड ओलांडलं तशी बोट लहान लहान होत गेली.

"बोट जाताना मी कधी बघूक नाय," रवीभाऊ म्हणाला. खरंच होतं ते. जन्मभर तो बोटीवर होता, बघायला योगिनीवहिनी उभी राहायची.

बोट पार टिकलीएवढी झाली. महिनोन् महिने हलणारा त्याचा पाय थांबल्याचं मला जाणवलं. "देवेश," तो म्हणाला, "खावक काय आसा?"

कोपऱ्यावर वडे मिळतील, असं मी बोलून गेलो आणि मग मला दाजीचं बोलणं आठवलं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. डोळे विस्फारलेले नव्हते, हात कापत नव्हते. साधा भुकेला चेहरा, बोटीकडे बघणारा. कुठल्याही पिक्चरवाल्याने तो शॉट कापून टाकला असता. मी फोन लावला. देवाच्या कृपेने रेंज होती.

"दाजी, रवीभाऊ भाकरी मागता."

फोन कट झाला. आणि ती टिकली वळली.

त्या दिवशी वादळ आलं नाही. एक ढगसुद्धा आला नाही. बाकीच्या बोटी बांगड्याने भरून आल्या आणि दाजीचे खलाशी रिकाम्या हाताने परत आल्याबद्दल मला ऐकू जाईल असं पुटपुटत होते. जेटीच्या पायरीवर रवीभाऊ बसला होता. निरोप मिळताच योगिनीवहिनी डबा घेऊन धावत आली होती. तो भाकरी खात होता आणि खाता खाता ढसाढसा रडत होता, घास तोंडात, डोळ्यांतून धारा. वहिनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती आणि तीही रडत होती. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला, पण मला ते जमलं नाही.

दाजी त्याच्याशेजारी बसला. त्याच्या भाकरीचा तुकडा मोडून आपल्या तोंडात टाकला.

"दाजी," रवीभाऊ म्हणाला, "माका भिती वाटता. खूप वाटता."

दाजीने घास संपवला, हात झटकले.

"मगे फाल्या सकाळी बोटीर येताना भाकरी जास्त घेवन ये," तो म्हणाला.