पिल्लांच्या पाण्यातलं आंबट

बायाक्का खानापूरच्या वेशीबाहेर राहायची. नवरा परशराम लाकडाच्या डेपोत ओंडके चढवायचा, ती भाताच्या शेतांत रोजगाराला जायची. ब्याऐंशी साली सरकारी योजनेतून तिला एक पांढरी डुकरीण मिळाली आणि बाईला डुकरांचं वेडच लागलं.

पहिल्या वेताची पिल्लं दुधावर कशी गुबगुबीत झाली होती! पण आईपासून तोडली आणि आठवड्याभरात हगवण लागली. रोज सकाळी कुंपणात एखादं पिल्लू आडवं पडलेलं दिसायचं. शेवटी दोनच वाचली, तीही बरगड्या मोजाव्यात अशी. परशराम म्हणाला, हा नाद सोड. तिनं सोडला नाही. दुसऱ्या वेताची पिल्लं तोडायचे दिवस जवळ आले तशी ती जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसली.

डॉक्टर नवीनच आले होते, धारवाडकडचे. तिचं ऐकता ऐकता ते खुर्चीतून उठलेच. त्यांनी समजावलं, की आईचं दूध आहे तोवर पिल्लाच्या पोटात आंबटपणा टिकतो. दूध तुटलं की तो कमी होतो आणि वाईट जंतूंचं फावतं. पिण्याच्या पाण्यातच थोडं आंबट घातलं तर पोट सांभाळलं जातं. त्यासाठी व्हिनेगर बरं, पण अगदी बेतानं, असं म्हणून त्यांनी मापही सांगितलं.

व्हिनेगर म्हणजे काय ते बायाक्काला ठाऊक होतं. तिची नणंद शालूबाई मडगावात कामाला होती. तिथं प्रत्येक स्वयंपाकघरात ते असायचं. दुसऱ्याच दिवशी ती लोंढ्यावरून मडगावला गेली आणि मोठी बाटली लुगड्याच्या पदरात गुंडाळून, मांडीवर धरून परत आली.

पिल्लं तोडली. तिनं डोणीतल्या पाण्यात व्हिनेगर ओतलं. आनंदाच्या भरात हात सैल सुटला. पिल्लांनी हुंगलं, नाकं वर केली आणि पाठ फिरवली. दुपारपर्यंत एकानंही पाण्याला तोंड लावलं नाही. परशराम डेपोतून आला, त्यानं ओंजळभर पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं.

"अगं, हे मला पेवना, पिल्लांस्नी काय पेवंल? लई झालंय. पातळ कर."

दोघांनी डोण रिकामी केली, ताजं पाणी भरलं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानंच व्हिनेगर घातलं. एक पिल्लू पुढं आलं. चाटलं. मग प्यायला लागलं, आणि मागोमाग सगळ्यांची ढकलाढकली सुरू झाली. बायाक्कानं नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

डोण रोज घासायची, पाणी रोज नवं, हा तिचा नेम झाला. आठवडा गेला, दुसरा गेला. हगवण एक-दोघांनाच लागली, तीही उतरली. बाकीची खायला तुटून पडायची. डॉक्टर येऊन बघून गेले. त्यांनी सांगितलं, कुंपणाची स्वच्छताही तितकीच कामाला आली, ती सोडू नकोस.

पिल्लं मोठी झाल्यावर लोंढ्याचा व्यापारी मारुतीराव ती विकत घ्यायला आला; डॉक्टरही बघायला आले होते. त्यानं फाटक उघडलं मात्र, सगळी पिल्लं त्याच्या पायांतून सुसाट सुटली आणि कापलेल्या भातशेतात पसरली. अर्धी वस्ती मागं धावली. मारुतीरावाचं धोतर चिखलानं भरलं. बायाक्का मात्र बांधावर उभी राहून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.

"बघा की डॉक्टर," ती शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांना म्हणाली, "एकबी हाताला लागंना!"