आतली पट्टी

पास्कल काका आमच्याकडे रोज चहा प्यायचा, पण पाठ करून. सांडोर गावातल्या आमच्या घराचा ओटा चांगला ऐसपैस आहे. त्यावर तो रस्त्याकडे तोंड करून बसायचा आणि चहा आला की मागे न बघता हात तेवढा मागे करायचा. मी उंबरठ्याच्या आतून त्याच्या हातात कप ठेवायची. "साखर कमी," तो समोरच्या रस्त्याला सांगायचा.

याचं कारण होती वाडी. पप्पांनी, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाने, आपला हिस्सा त्याला न विचारता बिल्डरला विकला आणि केळीच्या जागी इमारत उभी राहिली. काकाने भर अंगणात सगळ्यांच्या देखत शपथ घेतली, "तुझा उंबरठा ओलांडला तर बापाचं नाव लावणार नाही." शपथ उंबरठ्याची आहे, ओट्याची नाही, हे मात्र त्याने नंतर स्वतःच ठरवलं. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोघे एकाच बाकावर बसत. मिस्सेच्या प्रार्थनेत शेजाऱ्याशी हात मिळवून शांती द्यायची वेळ आली की एक डावीकडे वळे, दुसरा उजवीकडे. मला हसू यायचं आणि रागही.

काका सुतार होता आणि त्याचा तोरा केवढा! "माझ्या जोडात नख गेलं तर हातोडी विहिरीत टाकीन," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा आमच्या कपाटाचं दार निखळलं. काका आत येणार नाही, मग काय करता? पप्पांनी आणि मी ते अख्खं कपाट ओढत ओट्यावर आणलं. त्याने बिजागरी बसवली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी कपडे तरी काढून आणत जा. कंबर मोडेल तुमची."

पुढे वाळवीने आमचं पुढचं दार खाल्लं. नवं दार काकानेच केलं, सागवानी. चौकट बसवली तीसुद्धा ओट्यावर उभं राहून. आत उभ्या असलेल्या गवंड्याला तो ओरडून सूचना द्यायचा, मापंही त्याच्याकडूनच घेतली. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट झाकायला बाहेरून पट्ट्या ठोकल्या. कोपऱ्यात खरंच नख जात नव्हतं. मग त्याने पिशवी उचलली.

"आणि आतल्या पट्ट्या?" आईने विचारलं.

"आतली पट्टी आतून लागते," काका म्हणाला आणि निघून गेला.

आतली फट बोटभर रुंद होती. तिच्यातून मुंग्या यायच्या, पाली यायच्या. आई म्हणाली, नालासोपाऱ्याहून दुसरा सुतार बोलावू. पप्पा तिच्यावर उखडले, "दादाच्या चौकटीला दुसऱ्याचा हात लागणार नाही!" मग आईने फटीत वर्तमानपत्रं कोंबली. पुढे घरात नव्या लाद्या घातल्या, भिंती रंगवल्या. फट तशीच राहिली.

गेल्या हिवाळ्यात पप्पांना अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, फार आशा धरू नका. खाट पुढच्या खोलीत टाकली, दारासमोर. पप्पा पडल्या पडल्या दाराकडे बघत राहायचे. बाहेर ओट्यावर काका सकाळपासून बसून असायचा. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर आणि तो मेला उंबरठा. आत पप्पांना ढास लागली की काकाचे खांदे आवळले जायचे, पण मान वळायची नाही. बघून बघून माझा जीव घुसमटायला लागला.

एका दुपारी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काका, पप्पा गेले की तरी आत येशील ना? खांदा द्यायला यावंच लागेल तुला."

इतक्यात आतून पप्पांचा बोबडा आवाज आला, "दादाला सांग... फटीतून वारा येतो."

काकाने ते ऐकलं होतं. तो ताडकन उठला आणि चालू लागला. मला वाटलं, संपलं सगळं. मीच घालवलं त्याला. आई माझ्यावर चिडली. पप्पांचा श्वास घरघरत होता आणि डोळे दारावरून हलत नव्हते.

उन्हं कलली तेव्हा काका आला. खांद्यावर सागवानी पट्ट्या, हातात हत्यारांची पिशवी. उंबरठ्याशी थांबला. किती वेळ थांबला कोण जाणे. मग त्याने चपला काढल्या, क्रूसाची खूण केली आणि आत पाऊल टाकलं.

पप्पांकडे न बघता त्याने उभी पट्टी चौकटीला लावली. ती बसेना. जरा लांब होत होती. आमचा काका, ज्याचं माप कधी चुकलं नाही, तो पट्टी धरून नुसताच बघत राहिला. मग खाली बसला आणि जमिनीवरून हात फिरवला.

"ही लादी कधी घातली?"

"तू... नव्हतास," पप्पा म्हणाले.

दार केलं त्याच वेळी, गवंड्याने सांगितलेल्या मापाने, काकाने या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. नंतर आमची जमीन लादीभर वर आली, ते पाठ करून बसणाऱ्या माणसाला कसं कळणार? तो तसाच बसून राहिला. त्याची पाठ हलायला लागली तेव्हा मला कळलं की तो रडतोय.

थोड्या वेळाने त्याने करवत घेतली, दोन्ही उभ्या पट्ट्या लादीइतक्या कमी केल्या, आईची वर्तमानपत्रं ओढून काढली. खिळे ठोकताना दर घावाला पप्पांकडे बघायचा, त्रास तर होत नाही ना म्हणून. शेवटचा खिळा बसला तसा खाटेशी गेला.

"बापाला सांग, शपथ मी मोडली. तू आधी भेटशील त्याला."

आई दचकली. पप्पा मात्र अर्ध्या तोंडाने हसले. त्यांनी चांगला हात पुढे केला आणि काकाने तो दोन्ही हातांत धरला.

त्याच आठवड्यात पप्पा गेले. दफनाच्या दुसऱ्या दिवशी काका पुन्हा ओट्यावर येऊन बसला, रस्त्याकडे तोंड करून. मी सवयीने चहा घेऊन उंबरठ्याशी उभी राहिले, पण त्याचा हात मागे आला नाही.

"तिथे ठेव, बाय," तो उठत म्हणाला, "खाटेजवळ. मी आत येतो."