परडीतल्या अळ्या

प्रेसचं मशीन तापलं होतं आणि डॉक्टर काउंटरवर बोटं वाजवत उभे होते.

"वहिनी, एकदम सपाट करून द्या हो. रविवारी हिची सत्तरी. वाकडंतिकडं चित्र दिसलं तर केक राहील बाजूला!"

लंडनच्या कडेला, पिनरमध्ये आमचं फ्रेमिंगचं दुकान. मी हे काम कुठल्या कॉलेजात नाही शिकले, दुकानात उभं राहून शिकले. डॉक्टर जुने गिऱ्हाईक, हॉस्पिटलमधून रिटायर झालेले. त्यांनी ऑक्शनमधून जपानी वुडब्लॉक प्रिंट आणली होती. म्हणजे लाकडी ठोकळ्यावर चित्र कोरायचं, रंग लावायचा, वर कागद ठेवून घासायचं. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, बरं का! चित्रात दोघी जणी रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला घालताहेत. त्यांच्या मिसेसना, सुमनताईंना, पैठण्यांचं वेड. म्हणून ही खास भेट.

"पण फसवलं मला," डॉक्टर म्हणाले. "बायका आहेत, पाला आहे, अळ्या कुठायत? परडी रिकामी!"

खरंच, पाल्यात नुसत्या पांढऱ्या जागा. त्यात कागदाला लाटा आलेल्या. हीट प्रेस म्हणजे मोठी इस्त्रीच, जुन्या कागदाला मी सहसा लावत नाही. पण डॉक्टर हटून बसलेले.

प्रेसआधी आमची एक रीत आहे. दिवे बंद करायचे आणि टॉर्च टेबलाला टेकवून आडवा उजेड टाकायचा. चुणी, चीर असेल तर सावलीनं कळते.

टॉर्च लावला, आणि काय सांगू! परडीभर अळ्या. त्या पांढऱ्या जागा फुगून उठलेल्या, प्रत्येकीच्या अंगावर वळ्या, एकीनं तर पानाच्या कडेवर मान उचललेली. रंगाचा थेंब नाही. ठोकळ्याला शाई न लावताच कागद दाबून काढलेला नुसता उठाव. पांढरी अळी रंगवायचीच नाही, कागदाचीच अळी करायची! कुणाच्या डोक्यात आलं असेल हे?

डॉक्टर वाकले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, ही खातेय."

मी आधी मशीन बंद केलं. "रेशमासाठी त्यांना उकळतात. आपण इस्त्रीखाली मारल्या असत्या."

"मग या लाटा?"

"राहतील."

"आणि आमच्या हिनं विचारलं तर?"

"दिवे घालवा आणि टॉर्च द्या त्यांच्या हातात."

वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीनं मागच्या पुठ्ठ्याला चिकटवल्या, तेवढ्यावर चित्र टांगलं. काच उठावाला टेकू नये म्हणून मध्ये स्पेसर, म्हणजे बारीक पट्टी घातली. डॉक्टर शनिवारी फ्रेम छातीशी धरून घेऊन गेले.

सोमवारी सुमनताईंचा फोन. "अहो, काल ह्यांनी दर पाहुण्यामागे दिवे घालवले. केक राहिला तो राहिलाच!" आणि फोन ठेवता ठेवता, "रात्री मी एकटीच परत बघत बसले होते."

सपाट काय, कधीही करता येतं. परत उठवता येत नाही.