शर्यतीच्या गाडीचं इंजिन आणि सुनंदाची चक्की

सांगतो, पण आधी हातातला चहा संपवा. मध्येच हसायला आलं तर ठसका लागेल, आणि पाठीवर थापा मारायला मी काही उठणार नाही. तुम्ही हसणार ते माझ्यावरच, हे मला पक्कं ठाऊक आहे!

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. त्या वर्षी टोमॅटोला असा भाव मिळाला की आमच्या पिंपळवंडीत घरटी नवी मोटरसायकल आली. मी मात्र मोटरसायकल घेतली नाही. मला काहीतरी वेगळं करायचं होतं ना! पुण्याकडे छोट्या शर्यतीच्या गाड्यांचा एक ट्रॅक बंद पडला होता, तिथली एक गाडी मी टेम्पोत घालून आणली. कार्ट म्हणतात तिला. जमिनीपासून चार बोटं वर, ना दार ना छप्पर, इंजिन सीटच्या बाजूला उघडंच. आत बसलेला माणूस परातीत बसल्यासारखा दिसतो.

"ही कशापायी आणली?" सुनंदानं, म्हणजे आमच्या हिनं, विचारलं.

"धंदा!" मी म्हणालो.

लेण्याद्रीच्या रस्त्याला माझ्या सासऱ्यांचं पडीक रान होतं. मुंबईची माणसं दर्शन घेऊन खाली उतरतात, पोरंबाळं कंटाळलेली असतात. रानात जुन्या टायरांचा गोल मांडायचा, बापाला गाडीत बसवायचं, पोरांनी टाळ्या वाजवायच्या, आणि पैसे मी घ्यायचे. आणि खरं सांगतो, धंदा चालला! बापमाणसं उतरायलाच तयार होत नसत. एक पोट सुटलेले साहेब तर बायकोनं हाका मारमारून घसा बसवला तरी फिरतच होते.

मग आली खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा. आता माझ्या सासऱ्यांचा सगळा जन्म बैलगाडा शर्यतीत गेलेला. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "जावईबापू, शर्यतीचं जनावर हाय हे. नीट सजवा की."

एवढं ऐकल्यावर मी कशाला थांबतोय? हळदकुंकू लावलं, गुलाल उधळला, स्टिअरिंगला माळ, चाकांना माळ, आणि उरलेली झेंडूची फुलं जिथं जागा दिसेल तिथं. गाडी अशी नटली की सासऱ्यांनी सुद्धा मान डोलावली.

दसऱ्याला सकाळी ही गर्दी! माळा उतरवल्या, पहिलं गिऱ्हाईक बसवलं. या गाडीला किक नाही, बटण नाही, चौघांनी धक्का मारत पळायचं की ती चालू होते. चौघं पळाले. गाडी खोकली, भसकन काळा धूर सोडला आणि गप्प झाली. पुन्हा धक्का. पुन्हा तोच खोकला. चौघांची धोतरं-लेंगे घामानं भिजले, पण गाडी ढिम्म!

मी नारायणगावला बबनभाऊंच्या गॅरेजवर पळालो. हा माणूस स्वभावानं गरीब, पण बोलायला सरळसोट.

"राव, जुनं इंजिन हाय. खोलल्यावर काय काय निघंल त्याचा नेम न्हाई," ते म्हणाले. "माझं ऐका, नवंच घ्या."

"नव्याला किती?"

त्यांनी आकडा सांगितला. पन्नास हजार! अहो, माझे डोळेच पांढरे झाले. एवढुशा इंजिनाला?

"आणि रिपेर केलं तर?"

"पंधरा-वीस. पण त्याची खात्री मी देत न्हाई."

"मग रिपेरच करा की! मी काय वेडा आहे का नवं घ्यायला?"

हे वाक्य लक्षात ठेवा. बबनभाऊंनी ठेवलं होतं.

प्रश्न होता पैशांचा. टोमॅटोचे संपले होते. पण त्याच महिन्यात सुनंदाला बायकांची भिशी लागली होती. त्या पैशांत तिला घरी पिठाची चक्की बसवायची होती. गावच्या गिरणीत उभं राहून राहून तिचे पाय दुखायचे, आणि चक्की आली की चार घरांचं दळण घेऊन स्वतःचे दोन पैसे मिळवायचे, हे तिनं किती दिवस मनात धरलं होतं. ओटीवर जागा सुद्धा सारवून ठेवली होती.

"पंधरा-वीसच लागतील," मी म्हणालो. "दिवाळीच्या गर्दीत सगळे परत."

"गाडी इकून टाका त्यापेक्षा."

"बंद गाडी कोण घेतं?"

तिनं पैसे दिले. 

आता इथं माझी हुशारी ऐका. मी ऐकलेलं, की हे मेकॅनिक लोक चांगला भाग काढून घेतात आणि जुना बसवतात. म्हणून मी काय केलं? इंजिन उतरवलं, पण कार्बोरेटर आणि हवा आत ओढायचा तो काळा डबा काढून घेतला. फडक्यात बांधून ट्रंकेत घातला, सुनंदाच्या लग्नातल्या शालूखाली. वर कुलूप!

"भाऊ, कार्बोरेटर कुटाय? हवेचा डबा?" बबनभाऊंनी विचारलं.

"ते ठणठणीत आहेत."

"आणा तरी. एकदा बघतो."

"घरी आहेत. कुलपात."

बबनभाऊंनी इंजिन आत ओढून घेतलं. मग म्हणाले, "बरं."

आणि मग फोन सुरू झाले. पहिला फोन: पिस्टन झिजलाय, आणि तो बाहेरच्या देशातून येतो. मागवा म्हटलं. दुसरा फोन: पिस्टन नवा आला, तर सिलिंडर घासायला पुण्याला पाठवावा लागेल. पाठवा! तिसरा फोन: बेअरिंग सैल झाल्यात. चौथा: क्रँकही झिजलीय.

"क्रँक? अहो, ती किती?"

त्यांनी सांगितलं. मी फोन ठेवून पाणी प्यायलो आणि पुन्हा फोन उचलला. "घाला," मी म्हणालो. आता एवढे घातलेच आहेत, तर थांबून कसं चालेल? तुम्ही थांबला असता? खरं सांगा!

भिशीचे पैसे गेले. दिवाळी गेली. गावच्या सोसायटीतून थोडे कर्जाऊ उचलले, तेही गेले. शेवटी हिशोब झाला तेव्हा मी गॅरेजमधल्या टायरावर मटकन बसलो. बावन्न हजार!

"बबनभाऊ, अहो नवं पन्नासला होतं!"

"व्हतंच की. मी पयल्याच दिवशी म्हनलो, नवं घ्या. तुमी म्हनला, मी काय वेडा हाय का."

पण त्यांनी स्वतःकडचा कार्बोरेटर लावून, डब्याशिवायच, इंजिन चालू करून दाखवलं, तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं कपबशी घेऊन बाहेर आली. काय आवाज! मी सगळं दुःख विसरलो.

दुसऱ्या दिवशी रानात सगळे जमले. सासरे नारळ घेऊन, सुनंदा ताट घेऊन, बबनभाऊही कौतुकानं आले. मी ट्रंकेतला कार्बोरेटर आणि डबा आणला आणि ऐटीत स्वतः बसवला. चौघं पळाले.

गाडी खोकली. भसकन काळा धूर. गप्प.

तोच खोकला, बरं का! अगदी तोच! 

"थांबा," बबनभाऊ म्हणाले. त्यांनी डबा ओढून काढला. त्याला पुढं दोन गोल भोकं असतात, नाकपुड्यांसारखी. त्यांनी एकीत डोळा लावला, पेचकस आत घातला आणि हळूच काहीतरी बाहेर काढलं.

वाळलेलं झेंडूचं फूल.

मग दुसऱ्या भोकातून दुसरं.

त्यांनी दोन्ही फुलं तळहातावर घेतली. "पावणं, त्याचं नाकच दाबलं व्हतं की. श्वास कुटनं घ्यायचा त्यानं?"

"म्हणजे... इंजिन?"

"जुनं व्हतं. पण पळत व्हतं. अजून दोन-तीन वर्सं सहज पळालं असतं."

आता लाज वाटते सांगायला, पण मी काय केलं असेल? मी वळून सासऱ्यांकडं पाहिलं! जणू सजवायचं त्यांनीच शिकवलं म्हणून दोष त्यांचा.

सासऱ्यांनी नारळ खाली ठेवला. "जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "उभ्या जन्मात मी बैलांच्या शिंगाला माळा बांधल्या. नाकात फुलं कंदी घातली न्हाईत."

लोक हसून हसून टायरांवर आडवे झाले. सुनंदा हसली नाही. तिनं ती दोन फुलं बबनभाऊंच्या हातातून घेतली आणि पदराला बांधली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. 

डबा मोकळा केल्यावर गाडी वाऱ्यासारखी पळाली. महिन्याभरात मी ती विकली. सोसायटीचे फेडून जेमतेम एक चक्की येईल एवढेच उरले, आणि ती मी त्याच दिवशी आणून ओटीवर बसवली.

पुढच्या खंडेनवमीला मी मोठ्या भक्तिभावानं झेंडूचं ताट घेऊन चक्कीपुढं गेलो. बघतो तर सुनंदा आधीच उभी, धान्य टाकायच्या तोंडावर दोन्ही तळहात झाकून!

"लांबनंच," ती म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरात रीतच पडली आहे. ताट मी उंबऱ्याबाहेर धरायचं आणि फुलं तिनं वाहायची. वाहून झाली की ती फुलं मोजते, आणि मग माझे खिसे बघते.